नाशिकचा घरचा नाताळ: आजीचा फराळ, नऊवारी आणि पेटी सांभाळून पाहुण्यांचेही मन कसे राखावे?

शरणपूरची_नात:

नमस्कार मंडळी,

मी सत्तावीस वर्षांची आहे आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहते. आमचे घर नाशिकला, शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला आहे. आम्ही चार पिढ्यांपासून प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहोत आणि आमच्याकडे नाताळ हा आजीचा सण असतो. डिसेंबर उजाडला की ती अनारशांचे तांदूळ भिजत घालायची, गिरणीत चकलीची भाजणी धाडायची, ट्रंकेतली लुगडी उन्हात टाकायची आणि मग महिनाभर सगळे घर तिच्या शब्दाबरहुकूम चालायचे. यंदा तिला एकोणऐंशीवे वर्ष लागले आहे, हात थरथरतात, आणि दिवाळी होताच तिने सांगून टाकले की, "आता तुझे तू बघ, मी खुर्चीत बसून चुका काढीन." आईला शाळेमुळे २४ तारखेपर्यंत उसंत नसते. त्यामुळे सगळे माझ्यावर आले आहे आणि मी २० डिसेंबरपासून नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत रजा टाकली आहे.

या वेळी आम्ही चौदा जण असू. दादा-वहिनी बंगळूरहून येतील, गावातलेच काका-काकू व त्यांचा मुलगा असतील, आणि वसईच्या कॅथलिक घरात दिलेली माझी आत्या तिच्या दोन मुलींना, मुलाला आणि सासूबाईंना घेऊन बऱ्याच वर्षांनी माहेरी नाताळला येणार आहे. आत्येबहिणी सतरा आणि एकवीस वर्षांच्या आहेत. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी फर्मान काढले की, "ताई, या वर्षी खराखुरा ख्रिसमस करायचा." खराखुरा म्हणजे झाड, प्लम केक, सगळ्यांना लाल-पांढरे कपडे आणि स्पीकरवर इंग्रजी कॅरल. धाकटी तर असेही म्हणाली की, करंज्या-चकल्या दिवाळीच्या असतात, त्या नाताळात कशाला, आणि नाशिकला नाताळाची अशी मोठी परंपरा ती काय असणार!

आजी माझ्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. करंज्यांचे पितळी कातण ती त्या वेळी राखेने घासत होती. त्याचे दाते इतके झिजले आहेत की करंजीच्या कडेला आता नक्षीऐवजी नुसती लाट उमटते. ते तिने पदराला पुसले, फडताळात पार आत सरकवून दिले आणि चहा टाकायला उठली.

तेव्हा मला तीन गोष्टींबद्दल अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे. पहिली खाण्याची. चौदा माणसांचा फराळ, केक आणि २५ तारखेचे मटणाचे जेवण मला एकटीला कसे जमेल? गेल्या वर्षी आम्ही केक एका दुकानातून मागवला होता, तो कोरडा निघाला आणि त्याला नुसता इसेन्सचा वास येत होता. पूर्वी आजी केकचे मिश्रण घरी कालवून भट्टीवर भाजायला पाठवत असे. आजोबांनी करवून घेतलेले पत्र्याचे सात साचे अजून माळ्यावर आहेत, आणि भट्टीवर अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी खिळ्याने टोचे मारून "र" हे अक्षर काढलेले आहे. हल्ली बेकरीवाले असे साचे घेतात का आणि आजीच्या हाताशिवाय हा केक जमेल का, हे मला समजत नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. २५ तारखेच्या सकाळच्या उपासनेला घरातल्या सगळ्या बायका-मुलींनी साडी नेसावी, असा आजीचा आग्रह असतो. ती स्वतः नऊवारीत जाते. तिची येवल्याची जांभळी पैठणी या वर्षी मी नेसावी, अशी तिची इच्छा आहे. आत्येबहिणींनी मात्र एकसारखे लाल झगे आधीच मागवले आहेत आणि माझेही माप विचारले आहे. एकीचे मन राखावे तर दुसरी नाराज होते.

तिसरी गोष्ट गाण्याची, आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. २४ च्या रात्री देवळातून, म्हणजे चर्चमधून, परत आल्यावर आम्ही पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसतो, आजी पेटी ओढते, बाबा तबल्यावर असतात आणि एक वाजेपर्यंत भजने चालतात. आत्येभाऊ गिटार वाजवतो आणि तो गिटार घेऊन येणार आहे. दोन्ही एकत्र बसते का, की अर्धा तास यांचा आणि अर्धा तास त्यांचा अशी वाटणी करावी? वाटणी केली की आजी आपल्या अर्ध्या तासातली वीस मिनिटे "मुलांना गाऊ द्या" म्हणून सोडून देईल, हे मला आत्ताच दिसते आहे.

जेलरोडच्या_काकू:

तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. आम्ही नाशिकरोडचे कॅथलिक. आमच्याकडे नाताळात पाहुणे येतात, आणि पुन्हा फेब्रुवारीत बाळ येशूच्या सणालाही घर भरते. त्यामुळे चौदा माणसे म्हटल्यावर मला घाम फुटत नाही, पण तू एकटी करणार असशील तर क्रम चुकवू नकोस.

सर्वांत आधी अनारसे, कारण त्यांना घाई चालत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे. मग ते फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे आणि गूळ घालून गोळा डब्यात दाबून ठेवायचा. हा गोळा चार-पाच दिवस मुरला नाही तर अनारसा तुपात हसतो आणि सगळा विरघळून तळाशी बसतो. तू २० ला येणार म्हणजे उशीर झालेला असेल. तेव्हा तांदूळ १० तारखेच्या आसपास आईला भिजत घालायला सांग; ते काम शाळा सांभाळूनही होते. भाजणी आणि चिवड्याची तयारी २१ ला कर. करंज्या शेवटी, म्हणजे २३ ला, आणि त्या पाहुण्यांच्या हातून करवून घे. चौदांत किमान सहा जण लाटायला-भरायला बसू शकतात. सारण मात्र तू स्वतः आधी भाजून ठेव, कारण खोबरे आणि खसखस दुसऱ्याच्या हाती दिली की हमखास करपते.

आता केक. लाकडावरच्या भट्ट्या कमी झाल्या असल्या तरी आमच्या भागात ओळखीचे बेकरीवाले नाताळच्या आठवड्यात साचे अजूनही घेतात आणि नगामागे भाजणावळ लावतात. तुमच्याकडे आत्ताच जाऊन विचार, २२ तारखेला नको. वेळ मात्र नीट ठरवून घे. पावाच्या वेळी भट्टी फार तापलेली असते, त्या आचेत केक वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. पाव निघून भट्टी निवायला लागली की केकची पाळी येते. भट्टी मिळाली नाही तर घरच्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर साधारण सव्वा तास लागतो. तासाभराने मध्यभागी विणकामाची सुई घालून बघ.

एका साच्याला पाव किलो मैदा, लोणी आणि पिठीसाखर प्रत्येकी २०० ग्रॅम, अंडी चार, दीड चमचा बेकिंग पावडर, आणि बेदाणे, काळ्या मनुका, संत्र्याची पाकवलेली साल, काजू असे मिळून पाव किलोच्या वर. रंगासाठी शंभर ग्रॅम साखर कढईत करपवून त्यात जपून गरम पाणी घालायचे; ते अंगावर उडते, म्हणून मुलांना दूर ठेव. तुमच्या घरी दारू चालत नसेल असे गृहीत धरते. तर बेदाणे संत्र्याच्या रसात दहा मिनिटे मंद उकळून, गार करून फ्रिजमध्ये आठवडाभर मुरू दे. रमच्या केकचे कौतुक करणाऱ्या माझ्या दिराला मी हा केक तीन वर्षे न सांगता खायला घातला आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. सात साचे भरू नकोस. पहिल्या वर्षी तीन पुरेत. आजी सात करायची तेव्हा तिच्या हाताखाली तुझी आई, आत्या आणि शेजारच्या दोघी असणार, आणि ते तुला दिसले नसेल कारण तू तेव्हा बेदाणे खात असशील.

पेटीवाला_नगरकर:

आपल्या आत्येबहिणीच्या "नाशिकला परंपरा ती काय" या वाक्यावर मला आधी बोलावेसे वाटते, कारण गाण्याचा प्रश्न त्यातूनच सुटतो.

आपण ज्या शरणपुरात राहता ती वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथल्या शाळेत शिकली, आणि त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हे आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव घेऊन आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ते होते. अशा शाळेत नाताळची गाणी किती भाषांच्या उच्चारांनी म्हटली गेली असतील, याची कल्पना करून पाहावी. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्मही १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला झाला. स्वतः टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळे सोबत आणले. आपल्या आजी जी भजने म्हणतात त्यांपैकी बरीचशी टिळकांची असणार. उपासनासंगीत हे गीतांचे पुस्तक उघडून कवीचे नाव पाहिले तर लगेच कळेल. आणि आत्येकडच्या मंडळींना कॅथलिक दाखला हवा असेल तर तोही आहे: फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचले आणि ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या आहेत. इंग्लंडातून आलेल्या माणसाला येशूची कथा सांगायला मराठी ओवी पुरली, तेव्हा वसईच्या मुलींना एक तास पुरायला हरकत नाही.

उलट बाजूही सांगतो. ज्या शांत रात्रीच्या कॅरलला, म्हणजे 'सायलेंट नाइट'ला, सगळे इंग्रजी समजतात ते मुळात जर्मन आहे. १८१८ साली २४ डिसेंबरच्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायले गेले, शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची, आणि साथीला गिटार होती. तेव्हा आपल्या आत्येभावाला गिटार घेऊन सतरंजीवर बसण्याचा पूर्ण अधिकार आहे, असे आजींना सांगावे.

आता प्रत्यक्ष काम. वाटणी अजिबात करू नये, आपण ओळखले आहे तसेच होईल. सगळ्यांनी एकत्रच बसावे, पण सूर पेटीचा असावा, कारण पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत आणि गिटारच्या तारा पिळता येतात. जुनी पेटी बहुधा मोबाईलवरच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून मुलाने ट्यूनर बाजूला ठेवून पेटीच्या सुरांवर कानाने तारा लावाव्यात. पट्टी काळी एक धरली तर गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून त्याला त्याच्या सवयीच्या सी मधल्या पकडी वाजवता येतील. आजींचा आवाज वयामुळे उतरला असेल, तेव्हा त्यांची जुनी पट्टी धरून बसू नये. त्यांना एकदा गुणगुणायला लावून मगच सूर ठरवावा.

तबल्याचे म्हणाल तर आपल्या बाबांना एक गंमत दाखवा. तीन-तीन मात्रांत डोलणारी कॅरल दादऱ्यात सहज बसतात, धा धिं ना, धा ती ना. वर सांगितलेले ऑस्ट्रियाचे गाणे तर असे बसते की दुसऱ्या ओळीला मुली टाळ्या धरतात. चार मात्रांच्या चालींना केरवा लावावा. भजन चालू असताना मात्र गिटारने प्रत्येक मात्रेला खणखणाट करू नये, समेवर एकच पकड छेडून ती घुमू द्यावी. पहिले गाणे आजींचे असावे आणि शेवटचेही त्यांचेच. मधले कोणाचे कितवे याचा हिशेब ठेवू नये.

वसईची_लेक:

सगळ्यात आधी एक तक्रार. वसईच्या मुलींना लाल झगेच हवे असतात असे इथे कोणी समजू नये. आमच्या आज्या नाताळच्या मिस्साला लाल लुगडे नेसून जात, अजूनही काही जणी जातात, आणि त्या दोन बहिणींच्या घरात, म्हणजे आत्याबाईंच्या सासूबाईंच्या कपाटात, तसे लुगडे घडी घालून ठेवलेले असण्याची मला दाट शंका आहे. तुम्ही मुलींशी वाद घालू नका. त्या सासूबाईंना स्वतः फोन करा आणि म्हणा की, "आमची आजी नऊवारी नेसणार आहे, तुम्हीही तुमचे लुगडे घेऊन या, दोघींचा एकत्र फोटो काढायचा आहे." दोन म्हाताऱ्या दोन तऱ्हांनी काष्टा घालून उभ्या राहिल्या की मुली झगा सोडून त्यांच्याच मागे लागतील. माझ्या घरी नेमके हेच झाले होते; माझी भाची आजीचे लुगडे नेसायला गेली, ते तिला चालता येईना, आणि शेवटी तिने शिवलेली नऊवारी घेतली.

झगे वाया जाऊ देऊ नका. ते २४ च्या रात्रीसाठी ठेवा, आणि तुम्हीही एक मागवून टाका, त्यात तुमचे काय जाते? २५ ची सकाळ साडीची. एका रात्रीत आणि एका सकाळी दोन्ही नटणे होते. फक्त नाशिकच्या थंडीची त्यांना आत्ताच कल्पना द्या. आमच्याकडे डिसेंबरात पंखा चालतो, आणि तुमच्या शेजारच्या निफाडला पारा किती खाली जातो ते बातम्यांत दरवर्षी दाखवतात. बिनबाह्यांच्या झग्यात मध्यरात्री त्या कुडकुडतील आणि मग आजीचीच शाल पांघरतील.

पैठणीबद्दल: जुने रेशीम घडीवर चिरते, म्हणून ती आत्ताच उघडून घडी मोडा आणि सावलीत वाऱ्यावर टाका. मेणबत्त्यांची उपासना असेल तर ती त्या वेळी नेसू नका, किंवा पदर खांद्यावर पिन करून पुढे खोचून घ्या. जरीवर मेण सांडले तर ते कुणाकडूनही धड निघत नाही.

खाण्यात एकच भर घालते. मटणाच्या रश्शाबरोबर सासूबाईंना फुगे करायला सांगा. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि यीस्ट असे पीठ आंबवून ते मुठीतून अंगठ्याजवळ पिळून तेलात सोडायचे असते. नाशिकच्या गारठ्यात पीठ फुगायला दुप्पट वेळ घेईल, म्हणून पातेले चुलीच्या उबेला, रजईत गुंडाळून ठेवा. पाहुणीला स्वयंपाकघरात एक शेगडी दिली की ती पाहुणी राहत नाही.

गंगापूररोड_बॅचलर:

थोडे वेगळे मत मांडतो. वरचे सगळे वाचून असे वाटते की मुलींना वळवायचे कसे, एवढाच प्रश्न आहे. सतरा वर्षांच्या मुलीला झाड आणि लाल झगा हवा असेल तर तोही तिचा सण आहेच. तिने आजीला दुखावले हे खरे, पण तिला ते कळलेसुद्धा नसेल. व्हिडिओ कॉलवर कातण दिसत नाही. तुम्ही तिला सरळ सांगितले आहे का? मला वाटते झाडाची पूर्ण जबाबदारी दोघी बहिणींवर सोपवावी आणि त्यात आपण नाक खुपसू नये. गव्हाणीचे काम बारक्या मुलांना द्यावे. घटस्थापनेला टोपलीत धान पेरतो तसे आठ-दहा दिवस आधी गहू पेरले की गव्हाणीभोवती खरे हिरवे गवत मिळते.

आणि एक कोरडी पण उपयोगी माहिती: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, त्यात २४ ची रात्र आहे का हे आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. दार लावून पेटी वाजवली तर कोणी येत नाही, गच्चीवर स्पीकर लावला तर येतात. अनुभव माझाच आहे, अधिक विचारू नये.

शेजारधर्म:

मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या शेजारच्या काकूंकडून दर नाताळला ताट येते. फराळ कमी करा असे कोणी सुचवू नये, एवढीच विनंती करायला लिहिते आहे. दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे डबा देतो, तो डबा त्या लगेच परत करत नाहीत. डिसेंबरात तोच डबा भरून येतो, झाकणावर माझ्या सासूबाईंचे कोरलेले नाव आणि आत त्यांच्या करंज्या. रिकामा डबा परत करायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. दिवाळीचा फराळ नाताळात कशाला, असे विचारणाऱ्या मुलीला आपल्या घरात दिवाळीपासून थांबलेले डबे किती आहेत ते मोजायला सांगावे.

शरणपूरची_नात:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण मध्ये नाशिकला जाऊन आले.

शेजारधर्म ताईंचे वाचून मी फडताळ उघडले. आमच्याकडे इतरांचे नऊ डबे निघाले, त्यांतल्या एकावरचे नाव तर आता गल्लीत न राहणाऱ्या माणसांचे आहे. आजी म्हणाली, "ते इंदिरानगरला राहायला गेले, रिक्षाने जाऊन देऊन यायचे." म्हणजे फराळ कमी होत नाही.

बॅचलर यांचा मुद्दा मला लागला, कारण मी खरोखरच धाकटीशी बोलले नव्हते. फोन केला. कातणाचे सांगितल्यावर ती आधी गप्प झाली आणि मग रडायलाच लागली, ते थांबवायला मला झाडाची सगळी सत्ता तिच्या हाती द्यावी लागली. ती आता सोनेरी कागदाच्या करंज्या करून झाडाला टांगणार आहे. ही कल्पना मला फारशी आवडलेली नाही, पण मी बोलले नाही. सासूबाईंकडे लुगडे निघाले, लाल. त्यांनी फुग्यांचे पातेलेही आपलेच आणते म्हणून सांगितले आहे. आमच्या पातेल्यांवर त्यांचा विश्वास दिसत नाही. मी एक झगा मागवला आहे.

गाण्याचे पेटीवाला यांच्या सांगण्याप्रमाणेच करू. उपासनासंगीत काढून पाहिले, तर आजीच्या सात आवडत्या भजनांपैकी पाचांखाली टिळकांचे नाव निघाले आणि आजीला ते आधीपासून माहीत होते. दादऱ्याचे बाबांना इतके पटले आहे की जेवताना ते ताटावर बोटे वाजवत बसतात. आजीला गुणगुणायला लावले, तर तिने आधी मला बाहेर जायला सांगितले आणि मग दाराआडून ऐकू येईल इतकेच म्हटले. आवाज बराच खाली आला आहे. काळी एकवर बसेल असे वाटते.

काकू, तांदूळ ९ तारखेलाच भिजत घालायचे ठरले आहे, आणि कॉलेज रोडमागच्या एका भट्टीवाल्याने २३ ला दुपारी दोननंतर साचे आणायला सांगितले आहे. तीनच साचे करायचे हे आजीला सांगायची माझी हिंमत झाली नाही, आईने सांगितले. आजी "बरं" म्हणाली आणि माळ्यावरून सातही काढून घासून ठेवले. त्यांतल्या एकाचे बूड शिवणीपाशी गळते, पाणी भरून पाहिले तर थेंब थेंब पडते. नेमका तोच साचा आजोबांनी पहिला करवून घेतलेला होता, त्यामुळे तो वगळता येणार नाही. याला काय करावे?

जेलरोडच्या_काकू:

बाहेरून शिवणीवर घट्ट कणीक लिंप, आतून तुपाचा हात लावलेला जाड कागद दुहेरी घाल, आणि तो साचा भट्टीत मागच्या बाजूला ठेवायला सांग. आणि "र" वरची काजळी घासून काढली असेलच, तर तिथे कणीक लावू नकोस.